उभ्याला पुरणपोळी, आडव्याला एकादशी

बोडोनी टाइपातला मोठा ‘एच’ जरा निरखून बघा. दोन्ही खांब धष्टपुष्ट, मधली आडवी रेघ मात्र केसाएवढी. उभ्याला रोज पुरणपोळी आणि आडव्याला बारमाही एकादशी! खांबांच्या पायथ्याशी ज्या काड्या असतात त्याही इतक्या नाजूक, की एवढा डोलारा त्यांच्यावर तोलतो कसा, असं वाटावं.

हे अक्षर दरबारात वाढलं. जांबातिस्ता बोडोनी १७६८ मध्ये इटलीतल्या पार्माच्या ड्यूकचा मुद्रक झाला. शिशाच्या खिळ्यावर एवढी बारीक रेघ टिकवणं म्हणजे जिवावरचं काम. दाब जरा जास्त झाला की ती गेलीच. पण तेव्हा कागद गुळगुळीत होऊ लागला होता, आणि बोडोनीला घाई नव्हती. त्याची पुस्तकं रुंद समासांची, राजेरजवाड्यांनी कौतुकानं चाळायची. मजकुरात छपाईच्या चुका राहतात, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती क्षम्य वाटते. अक्षराच्या रूपावर इतका जीव जडल्यावर शब्दाकडे कोण बघतो!

त्याआधी तो रोमला धर्मप्रसारासाठी चालवलेल्या छापखान्यात होता. पौर्वात्य लिप्यांचे ठसे तिथे त्याच्या हाताखालून गेले. त्याच छापखान्यातून १७७१ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापलेलं पुस्तक निघालं, पण तोवर बोडोनी पार्मात रमला होता. एका अर्थी आपण वाचलो. आडव्या रेघांवरचा त्याचा राग पाहता आपल्या शिरोरेषेचं काही खरं नव्हतं.

पॅरिसच्या दीदो घराण्यानंही याच धाटणीची अक्षरं घडवली आणि पुढे ती फॅशनच्या मासिकांनी उचलली. ‘व्होग’चं नाव आठवा. अत्तराची बाटली, नाटकाचं पोस्टर, महागड्या हॉटेलचा मेनू : जिथे शब्द थोडे, जागा भरपूर आणि किंमत विचारायची नसते, तिथे हे अक्षर खुलतं. मथळ्यात त्याला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण त्याला मजकुराच्या कामाला जुंपलं की ते रुसतं. बारीक आकारात पातळ रेघा विरून जातात, उभे खांबच तेवढे उरतात आणि डोळे चुरचुरतात. बोडोनीला हे ठाऊक होतं. त्याने प्रत्येक आकाराचे ठसे वेगळे कोरले. लहानांना अंगानं थोडं भरू दिलं. त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८१८ मध्ये, त्याच्या बायकोनं छापून पुरा केलेल्या दोनखंडी नमुनाग्रंथात हा सगळा गोतावळा आहे.

संगणकावर मात्र मथळ्याचाच फॉन्ट ओढून लहान करता येतो, आणि लोक करतात. परवा एका ब्यूटी पार्लरचं कार्ड हाती आलं. नाव देखणं, ऐटबाज. खाली त्याच फॉन्टात, मुंगीएवढा फोन नंबर. त्यातला तिसरा आकडा ३ की ८, यावर घरात अजून दोन तट आहेत.