टॉवेलाखालची गोष्ट

2018 च्या जुलैत सॅनिटरी पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला. दुकानदाराची काळी पिशवी काही गेली नाही. म्हणून मी धुऊन पुन्हा वापरायची पीरियड पँटी आणली. "आम्ही लुगड्याच्या घड्याच वापरायचो, यांनी इलॅस्टिक लावलं," सासूबाई म्हणाल्या. सूचना सोप्या: थंड पाण्यात खळबळा, धुवा, उन्हात वाळवा. आमच्याजवळ चिखलोलीला धरण आहे, नळाला पाणी मात्र स्वतःच्या मर्जीने येतं. ऊन भरपूर. पण मी पँटी दोरीवर घालताच सासूबाईंनी वर टॉवेल टाकला. "अगं, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं!" मी समोर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर एक टॉवेल परवापासून वाळतोय.