किलो की नग?

भंगाराच्या यार्डात प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात. तुम्ही नुसते हिंडत असता तोवर ती किलोवर असते. तुमची नजर दुसऱ्यांदा तिच्याकडे वळली, की ती नगावर जाते. म्हणून जाणती माणसं हवी ती वस्तू सोडून भलत्याच वस्तूची चौकशी करतात. आमचे मिस्त्री या कलेत मुरलेले. ट्रकच्या पुढच्या एक्सलसाठी आम्ही यार्डात शिरलो आणि त्यांनी एका डिझेलच्या टाकीची इतक्या जिव्हाळ्याने विचारपूस सुरू केली, की ती मलाच घ्यावीशी वाटू लागली. पण शेठही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. टाकीचा भाव सांगता सांगता ते एक्सलकडे बघून मंद हसत होते.

गरज होती मेहुण्याच्या टँकरला. माण तालुक्यात उन्हाळ्यात पाणी पुरवणारा हा टँकर मूळचा मालट्रक. उमेदीच्या काळात त्याने साखरेची पोती वाहिली आणि उतारवयात पाणी वाहू लागला. पोतं एका जागी गप्प बसतं, पाणी बसत नाही. टाकी अर्धी असताना ब्रेक दाबला, की आतलं पाणी पुढे धावतं आणि त्याचा सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो. चाक ज्यावर बसतं आणि जो किंगपिनभोवती फिरल्यामुळे गाडी वळते, तो स्टब एक्सल डाव्या बाजूला बेरिंगच्या बैठकीपाशी झिजला होता. चाक डुलायला लागलं होतं. नवा भाग तालुक्याला नव्हता; जिल्ह्याला विचारलं तर “ऑर्डर टाकून ठेवू” एवढंच उत्तर आलं. अशा वेळी माणूस देवाकडे जातो किंवा भंगारात. मेहुणा देवाकडे गेला, आम्ही इकडे आलो.

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही या धंद्यातली मोठी ठिकाणं. आमचं यार्ड साधं, हमरस्त्याकडेचं. पत्र्याच्या कुंपणात ट्रक हारीने उभे. कुणाला चाकं नाहीत, कुणाला दारं नाहीत. केबिनमधला देव मालकांनी जाताना काढून नेलेला. उदबत्तीच्या धुराचा काळा पट्टा तेवढा टपाला चिकटून राहिलेला. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ आला. नाकावरची खूण बदलली, पण खालच्या एक्सलचा घाट तोच राहिला: घडीव पोलादाची एकसंध तुळई, इंजिनाला जागा मिळावी म्हणून मधोमध खाली उतरलेली, आणि दोन टोकांना दोन किंगपिन.

वाहनाचं वय सरकार वर्षांत मोजतं. पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी तर १ एप्रिल २०२३ पासून रद्दच होऊ लागली. शेठ ते किलोत मोजतात. मिस्त्री मात्र एकेक सांधा हाताने हलवून त्याचं वेगळं वय सांगतात. त्यांच्या मते कुठलीही गाडी एकदम म्हातारी होत नाही. डावी बाजू आधी थकते, कारण साइडपट्टीवर उतरायची पाळी डाव्या चाकाची आणि खड्डेही तेच आधी खातं. त्यामुळे भंगारात उजवे स्टब एक्सल पैशाला पासरी आणि डावा मिळेल तर नशीब. उजव्याचा डावा करता येत नाही. मिस्त्रींनी चारपाच ट्रकांखाली डोकं घालून बघितलं आणि शेवटी एका ट्रकच्या डाव्या चाकापाशी फतकल मारून बसले. त्यांनी फक्त घसा खाकरला. त्यावरून मी ओळखलं, की माल मिळाला. शेठनीही ओळखलं.

जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकाचे नट पुष्कळदा उलट्या आट्यांचे असतात. चाक पुढे धावत असताना ते आपोआप सैल होऊ नयेत, ही त्यामागची खुबी. ज्याला हे ठाऊक नसतं तो पान्याला लोंबकळतो, घामाघूम होतो आणि सोडवतो आहोत या समजुतीत नट आणखी आवळतो. चांगल्या हेतूने गाठ घट्ट करत बसणारी अशी माणसं घरोघरी आढळतात. ट्रक तिथे लागतोच असं नाही.

चाक, ड्रम, हब निघाले. उरला किंगपिन. शेठचा पोऱ्या गॅस कटर घेऊन तयारच होता. “कापू का?” त्याने विचारलं. “हात लावायचा नाही!” मिस्त्री ओरडले. त्यांनी आधी अडकपिन ठोकून काढली, वरची टोपी उघडली, फटींत डिझेल सोडलं आणि खुशाल चहा मागवला. पोऱ्याला या दिरंगाईची मोठी गंमत वाटली. चहानंतर किंगपिनच्या तोंडावर पितळेचा तुकडा धरून घणाचे मोजके घाव घातले आणि पिन सरकली. तिच्यासोबत ग्रीस बाहेर आलं, अजून मऊ. या ट्रकवर कधीकाळी कुणी ड्रायव्हर किंवा क्लीनर होता, जो निपलला ग्रीसगन लावायला कंटाळला नव्हता. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. मिस्त्रींनी बोटाने ग्रीस चोळून बघितलं आणि “माणूस बरा होता” एवढं प्रशस्तिपत्र दिलं.

किंगपिनचं भोक निरखलं तर ते ओळंब्यात नव्हतं. पिनचं वरचं टोक आतल्या अंगाला कललेलं असतं, थोडं मागेही. चाकं वरून किंचित बाहेर झुकलेली आणि पुढच्या कडांना किंचित आत वळलेली. नाकासमोर चालणाऱ्या ट्रकची पुढची चाकं मुळात सरळ उभीच नसतात. किंगपिनच्या या कलामुळेच वळण संपल्यावर स्टीअरिंग आपण होऊन सरळ व्हायला बघतं. स्टब एक्सलला बसवलेली आर्मही जराशी आत वळवलेली. कारण वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळली तर टायर घासत फरपटतील. ही युक्ती मोटारीच्याही आधीची, घोडागाडीच्या काळातली. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराने ती काढली. लंडनमध्ये १८१८ साली तिचं पेटंट त्याचा तिथला एजंट रुडॉल्फ आकरमान याने घेतलं. आकरमान पुस्तकं आणि चित्रं छापून विकणारा गृहस्थ. आज जगभरचे मेकॅनिक त्या भूमितीला आकरमानचं नाव देतात. कारागिराने कोन शोधला आणि एजंटाने नाव कमावलं. हा आटा मात्र कुठल्याही देशात उलटा नसतो.

एक परीक्षा उरली होती. मिस्त्रींनी स्टब एक्सल रॉकेलने माखला, मुरू दिला आणि कोरड्या फडक्याने लख्ख पुसला. मग म्हणाले, “गुरुजी, खडू काढा.” निवृत्त झालो तरी माझ्या खिशात खडूचा तुकडा सापडतोच. त्याची पूड सगळीकडे फासून त्यांनी हातोडीने एक्सल वाजवला. पोलादाला केसाएवढा जरी तडा असला, तरी आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांतही एके काळी एक्सल असेच तेल आणि खडू लावून तपासत. चाक ज्या दांड्यावर बसतं त्याच्या मुळाशी आम्ही डोळे लावून बसलो. रेघ आली नाही. जन्मभर खडूने दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलो; चूक नसल्याचा दाखला त्याच खडूने द्यायची वेळ क्वचितच आली होती.

आता भाव. शेठ म्हणाले, “नगावर.” किलोच्या हिशेबाने जे झालं असतं, त्याच्या कितीतरी पट आकडा त्यांनी सांगितला.

“शेठ, शेवटी लोखंडच ना हे? किलोवर लावा.”

“किलोवर पाहिजे? देतो की,” शेठ म्हणाले आणि पोऱ्याकडे वळले, “कटर आण रे. मिस्त्रींना दोन तुकडे करून दे.”

मिस्त्री गप्प झाले. शेठनी एका वाक्यात सगळा धंदा सांगून टाकला होता. दोन तुकडे केले असते तरी काट्यावर वजन तेवढंच भरलं असतं. गेला असता तो फक्त कल, आणि त्याला वजन नसतं. आमच्या गावचा पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन निवृत्त झाला तेव्हा ग्रामपंचायतीने त्याला नारळ दिला आणि कागदावरून एक माणूस कमी केला. पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या आळीचं पाणी बंद झालं आणि सरपंच मोटारसायकल घेऊन त्याच्या दारात उभे राहिले, कारण कुठला व्हॉल्व्ह किती वेढे फिरवायचा हे एकट्या त्याच्याच मनगटाला ठाऊक होतं. माणूस तोच, वजनही तेच. काटा तेवढा बदलला होता.

मी नगाचे पैसे मोजले. आमचा झिजलेला स्टब एक्सल शेठनी काट्यावर टाकला आणि किलोच्या भावाने रक्कम वजा केली. मात्र तो ढिगात न फेकता त्यांनी वेगळा ठेवला. मिस्त्रींच्या नजरेतून हे सुटलं नाही.

“बाजूला का ठेवला?”

“आर्म चांगली आहे अजून,” शेठ बेसावधपणे बोलून गेले.

“असं होय?” मिस्त्री पुन्हा खुर्चीत बसले. “मग ती नगावर घ्या.”

शेठनी पोऱ्याला आणखी तीन चहा सांगितले.