शू!

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. घरात शिरतात, चपला काढतात आणि पाणी मागायच्या आधी विचारतात, "तुमचा फ्रिज नेहमीच असा ओरडतो?"

आमचा शांताराम त्यातला. खरं नाव वेगळं, हे आम्ही ठेवलंय. परवा एका बारशाला पाळणा ऐन रंगात आलेला असताना हा "शू!" म्हणाला. गाणाऱ्या बायकांना नव्हे, कोपऱ्यात लावलेल्या मोबाइलच्या चार्जरला. तो म्हणे बारीक शिट्टी मारत होता.

तर हा गृहस्थ तीन महिने कॉम्प्युटरसाठी पॉवर सप्लाय निवडत होता. राहतो गिरगावात, चाळीत, दोन खोल्यांत. खाली रस्ता, शेजारी तबल्याचा क्लास. आणि याला हवा बिनआवाजाचा सप्लाय!

आला एकदाचा. फोन आला, "ये. ऐकायला ये."

गेलो. त्याने डोक्यावरचा पंखा बंद केला. मे महिना होता. मग फ्रिज बंद केला, वहिनींना कुकर उतरवायला लावला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. सप्लाय अजून कॉम्प्युटरला जोडलेलाही नव्हता. चोवीस पिनांच्या प्लगात पेपरक्लिप अडकवून त्याने बटण दाबलं.

"शू!"

आम्ही कान टवकारले. घाम टपकत होता, तोही बहुधा ऐकू येत असावा.

"काय येतंय ऐकू?"

"काही नाही."

"तेच!"

"बंदच असेल," वहिनी म्हणाल्या.

मग प्रवचन. सप्लाय साडेसहाशे वॉटचा, कॉम्प्युटर तीनशेही खात नाही. का? तर गोल्डवाला सप्लाय निम्म्या लोडला ९० टक्क्यांच्या वर वीज कामी लावतो. उष्णता थोडी, मग त्यातला पंखा फिरेल कशाला? शिवाय मॉड्युलर, म्हणजे लागतील तेवढ्याच केबली लावायच्या. उरलेल्या त्याने नावं घालून पिशवीत ठेवल्या होत्या, कारण दुसऱ्या सप्लायची केबल नेमकी बसते आणि आतल्या पिना वेगळ्या असल्या की हार्डडिस्क जळते. मी पिशवीला हात लावला.

"शू!"

हा रात्रपाळीने घरूनच काम करतो आणि वडील त्याच खोलीत दिवाणावर झोपतात, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. आठवड्याने तेच जिन्यात भेटले. जन्मभर छापखान्यात ट्रेडल मशीनवर उभे राहिलेले.

"झोपेचं खोबरं झालंय," म्हणाले. "आधी घरघर असायची, म्हणजे पोरगं बसलंय हे कळायचं. आता तासातासाला उठून बघतो."

मी ते फोनवर शांतारामच्या कानावर घातलं. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. शूसुद्धा.

शनिवारी फोन. कॅबिनेटला मागे एक जुना पंखा बसवलाय म्हणे. लॅमिंग्टन रोडवर अकरा पंखे ऐकून निवडला.

"घरघर सारखी हवी ना रे, मध्येच खरखरून उपयोग नाही. ये. ऐकायला ये."