शांतता समितीच्या सोफ्यास अनावृत पत्र

प्रति,
पहिल्या रांगेतला सोफा,
शांतता समितीची बैठक, जिल्हा बुलढाणा.

माननीय सोफासाहेब,

गणपती आटोपले, आता नवरात्र, मग कोजागिरीपासून खामगावच्या मोठ्या देवीचा शांती उत्सव. म्हणजे तुमचा हंगाम. तुमच्यावर माजी नगरसेवक बसतात, भावी नगरसेवक बसतात, मधोमध चहाचा ट्रे. ठाणेदारसाहेब ‘नागरिकांनी सहकार्य करावं’ म्हणतात आणि सहकार्याचा फोटो निघतो.

जिच्याबद्दल बैठक असते, त्या वस्तीतलं मात्र तिथे कोणी नसतं. आम्हाला बोलावणं येत नाही असं नाही, नोटिशीने येतं. सराईत गुन्हेगार समजून चांगल्या वर्तणुकीची हमी मागणारी. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 110 ची यायची, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत ती 129 ची झाली. सुधारणा आमच्यापर्यंत पोचली ती एवढी. इंग्रजांनी 1871 पासून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 1952 मध्ये पुसला, असं आमच्यातली पारध्यांची पोरं शाळेत शिकतात. रात्री कोम्बिंगला दार वाजतं, तेव्हा उजळणी होते.

चोरी आमच्याकडेही होते बरं. शेजाऱ्याची मोटारसायकल गेली. ठाण्यात पहिला प्रश्न : ‘तुझ्याकडे आली कुठून?’ दुसरा : ‘चोर तुमच्यातलाच असंल, तूच पाय ना भाऊ.’ तपास असा वर्ग झाला.

एक जुनी हकिकत सांगतो, रागावू नका. 1984 च्या दंगलीत भिवंडी होरपळली. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त झाले. त्यांनी पुढाऱ्यांवर विसंबण्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या बसवल्या. हिंदू-मुसलमान सामान्य माणसं शेजारीशेजारी आणि सोबत त्या भागातला पोलीस. त्याला घरं कळली, घरांना तो कळला. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी यावर पुस्तकच लिहिलं : ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ उत्तरात सोफा नाही.

तेव्हा यंदा तुम्ही विश्रांती घ्या. आमचा बीट अंमलदार महिन्यातून एकदा समाजमंदिराच्या ओट्यावर येऊ द्या. सण नसताना, कोणाला उचलायचं नसताना. त्या बिचाऱ्याचंही खरं आहे. शेगावचा बंदोबस्त झाला की मंत्र्यांचा दौरा, दौरा झाला की निवडणूक, आणि वस्ती ओळखीची होईस्तोवर बदली. त्याला दोन तास मोकळे द्या. येताना कोरा कागद आणावा, मोटारसायकलीची तक्रार अजून लिहायची आहे.

आपला,
हद्दीतला एक
(नाव-पत्ता ठाण्याच्या वहीत आहेच)