पक्षकार नाना

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही तालुका कोर्टात जा, सकाळी अकराला बोर्डासमोर एक नाना भेटतातच. टोपी परीटघडीची, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. दावा चुलतभावावर, वाद बांधावरच्या दीड हात जमिनीचा.

नवखा पक्षकार दिसला की नानांची फुकट शिकवणी सुरू. "खाली कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, वर जिल्हा कोर्ट, त्यावर हायकोर्ट. आपले साहेब दिवाणी न्यायाधीशही आणि प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटही. सकाळी चोर, दुपारी आपण!" ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा नानांनी पेढे वाटले. "आता दुसरं अपील हरायला मुंबई गाठायला नको." खालच्या कोर्टात अजून निशाणी पाचच्या मनाई अर्जापुढे गाडी सरकलेली नाही, ही बाब किरकोळ.

नातवानं मोबाईलवर राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड दाखवल्यापासून तर नानांना धरबंद नाही. तिथं तुंबलेली प्रकरणं वयाप्रमाणे लावलेली असतात. आपला दावा दहा वर्षांच्या वरच्या रकान्यात गेला, त्या दिवशी नाना बढती मिळाल्यासारखे हिंडत होते.

त्यांची तक्रार मोजदादीबद्दल आहे. "एकानं गुन्हा कबूल केला, दंड भरला, पाच मिनिटांत निकाली. तो आकड्यात एक. आमच्यात कमिशनरची मोजणी, साक्षी, उलटतपास, मयताचे वारस लावणं. उद्या निकाल लागला तरी आकड्यात एकच! साहेबांच्या कामाला निदान युनिटं असतात, भारी प्रकरणाला जास्त. आमच्या हेलपाट्यांना कुठलं युनिट?"

यावर वकीलही गप्प बसतात.

एवढ्यात पुकारा होतो. नाना आणि चुलतभाऊ एकदमच आत जातात, तारीख घेऊन एकदमच बाहेर येतात. चहाचे पैसे नाना देतात, एसटीचं तिकीट चुलतभाऊ काढतो. लोकअदालतीत मिटवून टाका, असं दोघांनाही सांगून झालंय. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे कळल्यावर नाना चमकले. "अपीलच नाही? मग कोर्ट कसलं ते!"

नानांचा मुद्दा खरा आहे, हट्ट मात्र खोटा. तुमचा वाद दीड हाताचाच असेल तर लोकअदालत गाठा. तिथं मिटलं की भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.