डिस्क नवी, मोड जुना

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावा, पळायला लागेल, असं जो तो सांगतो. कुठला स्क्रू कुठे तेही सांगतो. पण बायोसमध्ये ‘साटा मोड’ नावाची एक ओळ दबा धरून बसलेली असते, हे सांगायला मात्र कुणी थांबत नाही. त्या ओळीपुढे पर्याय तीन: आयडीई, एएचसीआय, रेड. शेजारच्या मदतीच्या चौकटीत लिहिलेलं असतं, ‘साटा मोड निवडा.’ झाली मदत.

आयडीई हे निव्वळ सोंग. नव्या डिस्कने जुनाट डिस्क असल्याची बतावणी करायची. ही सोय विंडोज एक्सपीसाठी होती. एक्सपी आली २००१ मध्ये, एएचसीआयचा पहिला आराखडा आला २००४ मध्ये. ओळख होणार कशी? ती करून द्यायला इन्स्टॉल करताना एफ-सहा दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी घालावी लागे. ज्यांच्याकडे फ्लॉपी ड्राइव्हच नव्हता, त्यांनी एफ-सहा दाबून नुसतं पुण्य गाठीला बांधायचं.

आयडीईतला कारभार म्हणजे एक चहा आणून दिल्याशिवाय दुसऱ्या टेबलाकडे न बघणारा वेटर. एएचसीआयमध्ये तोच वेटर एका दमात ३२ ऑर्डरी लक्षात ठेवतो आणि सोयीच्या क्रमाने आणतो. एसएसडीत अनेक चिपा एकाच वेळी राबू शकतात, तेव्हा तिला एएचसीआयच द्यावा. वाद संपला.

संपला कुठे! विंडोज ७ आयडीईवर बसवलेली असेल आणि नुसता मोड बदलला, तर निळ्या पडद्यावर ७बी हा आकडा येतो. आधी कुणाच्या तरी फ्लॅटचा नंबर वाटतो. अर्थ एवढाच, की जिच्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच विंडोजला सापडत नाही; न लागणारा ड्रायव्हर विंडोजने इन्स्टॉलच्या वेळीच झोपवलेला असतो. रजिस्ट्रीत जाऊन त्याला जागं करायचं, पण मोड बदलण्यापूर्वी! औषध आधी, आजार नंतर. विंडोज ८ पासून एकदा सेफ मोडमधून फिरून आलं की भागतं.

“मामा, रेडच ठेव, पॉवरफुल असतं!” हा भाच्याचा सल्ला. रेड अनेक डिस्क एकत्र बांधण्यासाठी. आमच्याकडे डिस्क एक. तरी काही लॅपटॉप कारखान्यातूनच रेड लावून येतात आणि लिनक्स बसवायला घेतलं की डिस्क अदृश्य. उबुंटूचा इन्स्टॉलर मग स्पष्ट बजावतो, आधी इंटेलचं आरएसटी, म्हणजे हेच रेड, बंद करून या.

आता तर एएचसीआयच्या पुढची, खास एसएसडीसाठीची एनव्हीएमई पद्धत आहे. २०११ च्या त्या आराखड्यात सुमारे ६५ हजार रांगांची सोय, आणि प्रत्येक रांगेत जवळजवळ तेवढ्याच आज्ञा. भाचा हे आकडे मोठ्या अभिमानाने सांगत असतो. मी मान डोलावतो. माझ्या कॉम्प्युटरवर त्या वेळी एकच काम चालू असतं: विजेचं बिल भरण्याचं पान उघडणं. आणि ते अडकलेलं असतं पलीकडच्या सर्व्हरवर.