नालवाडीचा कॅप्टन

लाईन गेली की सामान्य माणूस आधी गल्लीत डोकावतो. आपलीच गेली की सगळ्यांची, एवढं कळलं की त्याचा निम्मा उकाडा कमी होतो. वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत एक गृहस्थ मात्र असा आहे, की लाईन गेली की त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो बाहेर डोकावत नाही. आतल्या खोलीत जातो, इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा वाचतो, वहीत वेळ टिपतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘‘निघालो आपण!’’

गल्ली त्याला कॅप्टन म्हणते. हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही, पण त्याला ते आवडतं, हे सांगता येईल.

समुद्र इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. जवळचं पाणी म्हणजे पवनारची धाम नदी आणि मे महिन्यात तिच्यात पाण्यापेक्षा खडकच जास्त दिसतात. कॅप्टनने उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढली. जहाज घरात शिरलं ते पुतण्यामुळे. तो मर्चंट नेव्हीत लागला आणि काकांना नवीन शब्द मिळाले. त्यात भर पडली ती दिलीप दोंदे यांची. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 ला परतले. वर्तमानपत्र वाचून लोक लाटांबद्दल, वादळांबद्दल बोलत होते. कॅप्टनचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘बॅटऱ्या कितीक असन जी याच्यापाशी? तिथं वायरमन थोडीच येते!’’

ते दिवस भारनियमनाचे होते. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची आजची क्षमता 2920 मेगावॅट. कोळसा इथला, धूर इथला, आणि अंधारही इथलाच, हे विदर्भातलं जुनं गाऱ्हाणं. इतर लोक ते पानठेल्यावर मांडून घरी जात. कॅप्टनने त्यातून तत्त्वज्ञान काढलं. घर म्हणजे जहाज. रस्त्यावरच्या खांबावरून येणारी वीज म्हणजे बंदरावरची वीज, बांधलेलो आहोत तोवर घ्यायची. तिच्यावर विसंबायचं नाही.

सुरुवात बेताची होती. 850 व्हीएचा इन्व्हर्टर आणि 150 अँपियर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी. दोन पंखे, तीन दिवे, टीव्ही. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे 1800 वॅट-तास, कागदावर 1.8 युनिट. पण लेड-अ‍ॅसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, हे कॅप्टनला कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याला घरच्यांनी अजून माफ केलेलं नाही. त्या दिवसापासून घरात पन्नास टक्क्यांची लक्ष्मणरेषा आली. पुढे ती सावधगिरीने साठवर, मग सत्तरवर गेली. आता आकडा ऐंशीला टेकला की पंखा एक नंबरवर येतो. बॅटरी भरलेली असते, माणसं घामाने निथळत असतात आणि कॅप्टन समाधानाने सांगतो, ‘‘अजून आठ तास जाते आपली.’’

मग आला कूलर. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर ही चैन नव्हे. पण कूलरची मोटर चालू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या खुराकाच्या कितीतरी पट ओढते, आणि जुना इन्व्हर्टर त्या क्षणी ‘ओव्हरलोड’ म्हणून किंचाळायचा. इथे एखाद्याने कूलर थेट खांबाच्या विजेवर ठेवला असता. कॅप्टनने जहाज वाढवलं. दीड हजार वॅट बारा व्होल्टांवर ओढायचे तर सव्वाशे अँपियरच्या वर करंट जातो आणि त्याला अंगठ्याएवढी वायर लागते. तेच चोवीस व्होल्टांवर केलं की करंट निम्मा. म्हणून दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडायच्या ठरल्या, एक जुनी, एक नवी. इलेक्ट्रिशियन पोरगा म्हणाला, ‘‘काकाजी, असं नाही जमत. जुनी नवीले घेऊन बुडते.’’ बुडण्याचा शब्द निघताच कॅप्टनने दोन्ही नव्या घेतल्या. जुनी बॅटरी आणि जुना इन्व्हर्टर विकायचं कुणी सुचवलं तर तो असा पाहतो, जणू आपण म्हातारी माणसं विकायला काढली.

जुनं टाकायचं नाही, तर जोडायचं. कॅप्टनने दोन्ही इन्व्हर्टरांच्या बाहेरच्या तारा एकत्र करून शक्तीची बेरीज करायचं योजलं. लेखा विभागात एक अधिक एक दोन होतात. विजेत होत नाहीत. दोन्ही यंत्रं सेकंदाला पन्नास हेलकावे देतात खरी, पण प्रत्येक आपल्या तालाने. आणि ताल जुळवायची सोय त्या साध्या यंत्रांत नसते. एका जुवाला दोन बैल जुंपावेत आणि एक तासावर, दुसरा घराकडे निघावा, तसं होतं. शिवाय इथे बैल धूर काढतात. पोराने हात जोडले. तेव्हा कॅप्टनने घरच दोन भागांत वाटलं. डावी बाजू जुन्या इन्व्हर्टरवर: देवघर, स्वयंपाकघरातला दिवा, मोबाइलचं चार्जिंग. उजवी बाजू नव्यावर: कूलर, टीव्ही, फ्रिज. बोर्डांवर निळ्या-लाल टिकल्या आल्या. पाहुणा आला की पाण्याआधी त्याला टिकल्या समजावून सांगतात.

वहिनींचं या जहाजावरचं पद कोणतं, हे नीट ठरलेलं नाही. लाईन गेलेली असताना मिक्सर लावायचा तर त्या आधी हाक मारतात, ‘‘लावू का जी?’’ कॅप्टन पडद्याकडे पाहून सांगतो, ‘‘थांब, फ्रिज बंद होऊ दे.’’ मग फ्रिज थांबतो, मिक्सर फिरतो. चटणी त्या घरात नेहमी थोडी जाडसर असते, त्याचं कारण हेच. आम्हाला वाटायचं वऱ्हाडी पद्धत आहे.

उष्णतेवरही त्याने वाचलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा एक ठोकताळा आहे. वर्ध्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. कॅप्टन दोन दिवस अबोल होता. तिसऱ्या दिवशी त्याने कूलरचं तोंड बॅटऱ्यांकडे फिरवलं. तेव्हापासून बॅटरी कूलर चालवते, कूलर बॅटरीला गार ठेवतो आणि घरचे या दोघांच्या मधल्या जागेतून, जमेल तेवढा वारा खात, जातयेत असतात.

सोलर येणं अटळ होतं. पलीकडच्या घरी पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं पॅनेल बसलं, 78,000 रुपये अनुदान मिळालं. कॅप्टनला योजना सांगितली तर त्याने एकच प्रश्न विचारला, ‘‘लाईन गेल्यावर चालते?’’ चालत नाही. खांबाच्या विजेशी जोडलेलं साधं सोलर लाईन जाताच स्वतःही बंद होतं, नाहीतर तार जोडायला चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरचा झटका बसेल. एका दुपारी लाईन गेली. रणरणतं ऊन, छपरावर तीन किलोवॅट, आणि शेजारी घरात पेपरने वारा घेत बसलेले. कॅप्टन मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसला. काही बोलला नाही. नुसता छताकडे पाहत राहिला.

त्याने स्वतः बिनअनुदानाचं, खांबाशी नातं नसलेलं सोलर घेतलं. पण पॅनेलची ताकद मोजतात पंचवीस अंशांवर आणि त्यापुढे दर अंशाला साधारण 0.4 टक्के ती घटते. छपरावर काच पासष्ट अंशांना तापली की सोळा टक्के गेलेच. विदर्भाच्या उन्हाने विदर्भाच्या माणसाला एवढं फसवावं, हे त्याला फार लागलं. ‘‘पाहा जी, ऊनही आपल्यावर अन्याय करून राहिलं!’’

याच नालवाडीत 1932 च्या अखेरीस विनोबा राहायला आले होते. पुढे ग्रामसेवा मंडळ इथे निघालं, चर्मालय चाललं आणि सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच माणूस जगू शकतो का, हे विनोबांनी स्वतःवर करून पाहिलं. कॅप्टन ही परंपरा आपल्यापर्यंत आणून पोचवतो. ‘‘स्वावलंबन या मातीतच आहे.’’ विनोबांनी गरजा उतरवल्या होत्या, तुम्ही व्होल्ट चढवताय, असं मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, ‘‘त्यांच्या टायमाले कूलर कुठं होता?’’ यावर मला उत्तर सुचलेलं नाही. त्याच्या वहीत येणारं-जाणारं युनिट दशांशापर्यंत बरोबर असतं. फक्त रुपयांच्या रकान्यात बेरजेच्या जागी कायम ‘पुढील पानावर’ लिहिलेलं.

मागच्या वर्षी पुतण्या सुटीवर आला. कॅप्टनने त्याला डावी बाजू, उजवी बाजू, सगळं फिरवून दाखवलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या जहाजावर कसं असते?’’

‘‘तीन मोठे जनरेटर असतात, काका. एक बंद पडला की दुसरा आपोआप लागतो. लाईटकडे आम्ही कोणी पाहतही नाही.’’

‘‘म्हणजे,’’ कॅप्टन कळवळून म्हणाला, ‘‘तुले काहीच शिकवलं नाही त्यायनं.’’

नुकताच अवकाळी आला. वाऱ्याने झाड तारेवर पडलं आणि संध्याकाळी गेलेली लाईन रात्रभर आली नाही. गल्ली मोबाइल घेऊन कॅप्टनकडे लोटली. त्याने वही काढली, नावं लिहिली, प्रत्येकाला तीस टक्क्यांपर्यंत चार्जिंग मंजूर केलं. मग संकटाचा काळ म्हणून कूलर बंद केला, उजवी बाजू पूर्ण उतरवली आणि घरच्यांना काटकसरीचं चार शब्दांत सांगून स्वतः वारा घ्यायला गच्चीवर झोपायला गेला. तेव्हा पडद्यावर ब्याऐंशी टक्के होते.

सकाळी एकसष्ट होते.

आज चौथा दिवस. कॅप्टन क्लॅम्प मीटर घेऊन भिंतीभिंतीशी बसतो, एकेक तार सोडवून तपासतो, एकवीस टक्के कुठून गळाले ते शोधतो. वहिनी मागे टॉर्च धरून उभ्या असतात. त्या रात्री त्यांना झोप लागली का, असं मी सहज विचारलं. ‘‘मस्त लागली जी, पहाटे तं पांघरूण घ्या लागलं,’’ त्या म्हणाल्या, आणि टॉर्च जरा खाली करून कॅप्टनला म्हणाल्या, ‘‘भोक असन कुठंतरी जहाजाले. पाहा नीट.’’